राउटर बंद करून केलेली मोजदाद

नवा कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून व्हिडिओ गेम खेळायचे यंत्र, घ्यायचे ठरवले तेव्हा डिस्क ड्राइव्ह असलेले मॉडेल घ्यावे की नसलेले, हा प्रश्न मी पाच मिनिटांत निकालात काढला होता. गेली काही वर्षे मी बहुतेक गेम डाउनलोड करूनच घेत होते. रात्री उशिरा एखादा गेम खेळावासा वाटला तर तो तेव्हाच विकत घेता येतो, डब्यांना कपाटात जागा द्यावी लागत नाही आणि एक गेम सोडून दुसरा लावताना जागेवरून उठावे लागत नाही. एवढ्या सोयी असताना ड्राइव्हसाठी जास्तीचे पैसे कशाला मोजायचे, असा माझा साधा हिशेब होता. जवळ होत्या त्या डिस्कही काही कमी नव्हत्या, पण त्या कपाटातल्या जुन्या पुस्तकांसारख्या आहेत, कधीही काढाव्यात आणि लावाव्यात, असे मी धरून चालले होते.

हा हिशेब माझ्या भाच्याच्या एका फोनने बिघडला. सुट्टीत खेळायला म्हणून मी त्याला एक डिस्क दिली होती आणि देताना मोठ्या खात्रीने सांगितले होते की ही आत सरकवली की झाले. संध्याकाळी त्याचा फोन आला. "मावशी, डिस्क टाकली, सगळं कॉपीपण झालं. आता म्हणतंय, उरलेला गेम डाउनलोड करा. बासष्ट जीबी! आणि आमचं नेट कालपासून बंद आहे." मी त्याला दोन-तीन बटणे दाबून पाहायला सांगितले, ती त्याने आधीच दाबून पाहिली होती. फोन ठेवल्यावर मनात आले की ज्या डिस्कला मी पूर्ण गेम समजत होते तिच्यावर अर्धाच गेम निघतो, तर डाउनलोड केलेल्या गेमविषयीची माझी समजूत तरी कितपत खरी असेल?

म्हणून खरेदी पुढे ढकलली आणि जवळच्या सगळ्या गेमची परीक्षा घ्यायचे ठरवले. पद्धत अगदी साधी होती. राउटर बंद करायचा, एकेक गेम लावायचा, आणि पात्र प्रत्यक्ष आपल्या हाताखाली चालू लागेपर्यंत तो गेला तरच त्याला उत्तीर्ण धरायचे. नुसता नावाचा पडदा दिसला तर ते जमेस धरायचे नाही. डिस्कच्या बाबतीत एक काळजी घ्यावी लागली. कन्सोलमध्ये पूर्वी उतरवलेले अपडेट तसेच राहिले असते तर गेम त्यांच्या जोरावर चालला असता आणि डिस्कवर मुळात काय आहे ते कळलेच नसते, त्यामुळे प्रत्येक वेळी आधीचा गेम पुसून तो डिस्कवरून नव्याने भरून घ्यावा लागला. वहीत तीन रकाने आखले: चालला, अडला, कसाबसा चालला. या कामात दोन शनिवार-रविवार गेले.

एकतीस डिस्कपैकी बावीस काहीही न विचारता सुरू झाल्या. तीन अडल्या, त्यांत भाच्याकडून परत आलेली ती डिस्क अर्थातच होती. तिची डबी मी या वेळी प्रथमच नीट वाचली. मागच्या बाजूला, तळाशी, बारकोडच्या शेजारी, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत लिहिले होते की गेम खेळण्यासाठी इंटरनेट आणि मोठा डाउनलोड आवश्यक आहे. म्हणजे फसवणूक म्हणता येणार नाही. सांगितले होते, फक्त कुणी वाचू नये अशा बेताने सांगितले होते.

उरलेल्या सहा डिस्क 'कसाबसा' या रकान्यात गेल्या आणि मला सर्वांत जास्त शिकवले ते त्यांनीच. गेम बाजारात येण्याच्या काही आठवडे आधीच डिस्क छापायला जाते, काम मात्र त्यानंतरही चालू राहते, आणि मधल्या काळात झालेल्या दुरुस्त्या पहिल्या दिवसाच्या पॅचमधून, म्हणजे इंटरनेटवरून उतरणाऱ्या दुरुस्ती-फाइलीतून, येतात. त्यामुळे डिस्कवर असतो तो १.०० क्रमांकाचा, घाईत दाराबाहेर पडलेला गेम. ज्या गेमवर मी कधीकाळी शंभरेक तास घालवले होते, तो मी प्रथमच या मूळ अवस्थेत पाहिला. गावाच्या वेशीवर एक लाकडी पूल आहे. त्यावर घोडा चढवला, तर घोडा पुलाच्या फळ्यांतून अलगद खाली उतरला, स्वार मात्र पुलावरच बसल्या आसनात तरंगत राहिला, आणि पुढे सरकायचा काही उपाय उरला नाही. तीनदा पुन्हा सुरू केले, तीनही वेळा घोड्याने तोच मार्ग धरला. तो पूल मी पूर्वी कितीदा तरी ओलांडला होता. पॅच आपोआप उतरत असल्यामुळे दुरुस्ती झाल्याचे मला कधी कळलेच नव्हते.

डिस्कमुळे कन्सोलमधली जागा वाचते, हा समजही मला इथेच सोडावा लागला. प्लेस्टेशन ५ काय किंवा एक्सबॉक्स सिरीज एक्स काय, दोन्हींत डिस्कवरचा गेम आधी आतल्या एसएसडीवर, म्हणजे वेगवान साठवणीवर, पूर्ण उतरवला जातो, कारण डिस्कवरून वाचण्याचा वेग आजच्या गेमला पुरत नाही. एकदा उतरल्यावर डिस्कचे काम किल्लीचे. ती ड्राइव्हमध्ये आहे की नाही एवढेच पाहिले जाते. फायदा होतो तो डाउनलोडच्या वेळेत. या कन्सोलच्या डिस्कवर १०० जीबीपर्यंत मजकूर मावतो, आणि तेवढा मजकूर ५० एमबीपीएस वेगाच्या जोडणीवरून उतरवायला, वेग एकदाही न घसरता, सुमारे साडेचार तास लागतात. ज्याच्या जोडणीला महिन्याची मर्यादा आहे त्याला हा फरक मी सांगायला नको.

दुसऱ्या शनिवारी डाउनलोड केलेल्या गेमची पाळी आली. पहिल्याच गेमच्या चित्रावर कोपऱ्यात एक छोटे कुलूप दिसले आणि 'परवाना तपासता येत नाही' अशा अर्थाची सूचना आली. दुसऱ्यावर तेच. सेहेचाळीसच्या सेहेचाळीस गेमवर कुलूप! आदल्या रात्री यांतलाच एक मी खेळले होते, त्यामुळे हे मला खरेच वाटेना.

कारण शोधून काढले तेव्हा चूक माझीच निघाली. विकत घेतलेल्या गेमचा परवाना खात्याला जोडलेला असतो, आणि खात्यातला एक कन्सोल 'मुख्य' म्हणून नोंदवता येतो. त्या मुख्य यंत्रावर गेम इंटरनेटशिवाय चालतात. इतर यंत्रांवर ते चालू करताना दर वेळी सर्व्हरला, म्हणजे कंपनीच्या दूरच्या संगणकाला, विचारणा होते. माझ्या खात्यातला मुख्य कन्सोल होता तो काही वर्षांपूर्वी मी ज्याला दिला त्याच्याकडे, आणि देताना नोंद काढायची राहून गेली होती. घरात इंटरनेट सतत चालू असल्यामुळे ही विचारणा दर वेळी मुकाट्याने होत राहिली आणि मला तिचा पत्ताच नव्हता.

नोंद दुरुस्त करणे सोपे असायला हवे होते, पण खात्याचा ईमेल पत्ता मी कधीच सोडून दिलेल्या एका सेवेवरचा होता, आणि नोंद बदलण्यासाठीचा सांकेतिक क्रमांक नेमका तिथेच जात होता. मग ग्राहक सेवेशी चॅट सुरू झाले. पहिल्या व्यक्तीने जन्मतारीख विचारली, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या व्यक्तीने पुन्हा तीच विचारली, आणि तिसऱ्याने पहिल्या खरेदीचा व्यवहार क्रमांक मागितला, ज्याची पावती त्या बंद पडलेल्या पत्त्यावरच गेली होती. शेवटी मला सांगण्यात आले की खात्यावर सर्वांत आधी नोंदवलेल्या कन्सोलचा सिरीयल नंबर दिला तरी चालेल. कन्सोल गेला असला तरी त्याचे रिकामे खोके माळ्यावर पडले होते. शिडी लावून ते काढले, धूळ पुसली, चिकटपट्टीवरचा नंबर टॉर्चच्या उजेडात वाचून टाइप केला, आणि नवव्या दिवशी खाते माझ्या ताब्यात आले. सेहेचाळीस डिजिटल गेमवरची माझी मालकी अखेर एका पुठ्ठ्याच्या खोक्याने सिद्ध केली, हे मी अजून विसरलेले नाही. ते खोके रद्दीत द्यायला मी दोनदा तरी काढले होते.

आताचा कन्सोल मुख्य म्हणून नोंदवल्यावर परीक्षा पुन्हा घेतली. एकोणचाळीस गेम इंटरनेटशिवाय व्यवस्थित चालले. सात अडले, पण ते मुळातच सर्व्हरवर चालणारे होते आणि ते डिस्कवर घेतले असते तरी असेच अडले असते. युबिसॉफ्ट कंपनीच्या 'द क्रू' या गेमचे उदाहरण इथे आठवते. २०१४ साली आलेला हा मोटारींच्या शर्यतीचा गेम एकट्याने खेळतानाही सर्व्हर मागत असे. ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाले आणि ज्यांच्याकडे त्याची डिस्क होती त्यांच्या हातात फक्त डिस्क उरली. उलट बाजूचे उदाहरण 'पी.टी.'चे: २०१४ साली मोफत दिलेला हा छोटा भयपट-गेम पुढच्याच वर्षी प्लेस्टेशनच्या स्टोअरमधून काढला गेला, आणि ज्यांनी तो आपल्या यंत्रातून पुसला होता त्यांना तो परत उतरवता आला नाही. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की 'डिस्क म्हणजे कायमची आणि डाउनलोड म्हणजे भाड्याची' ही सरळ विभागणी फारशी टिकत नाही.

निन्टेंडोचा हातात धरून खेळायचा माझा जुना कन्सोल, थ्रीडीएस, या परीक्षेत सर्वांत शांतपणे पार पडला. त्याची गेमकार्डे लावली की गेम सुरू होतो. विचारणा नाही, पॅचचा तगादा नाही. त्यावर डाउनलोड केलेले गेमही चालले, मात्र नवीन काही घेता येत नाही, कारण निन्टेंडोने थ्रीडीएस आणि वी यू या आपल्या जुन्या कन्सोलच्या ऑनलाइन स्टोअरमधली विक्री २७ मार्च २०२३ रोजी थांबवली. आधी घेतलेले गेम पुन्हा उतरवण्याची सोय त्यांनी चालू ठेवली आहे, तरी मी ते सगळे मेमरी कार्डावर घेऊन त्याची एक प्रतही काढून ठेवली. त्याच कंपनीच्या स्विच २ या नव्या कन्सोलसाठी २०२५ पासून काही गेम असे येतात की ज्यांच्या कार्डावर गेम नसतोच, फक्त किल्ली असते. कार्ड लावून गेम इंटरनेटवरून उतरवायचा. कार्ड दुसऱ्याला देता येते किंवा विकता येते, एवढा जुना गुण त्यात शिल्लक आहे.

लॅपटॉपवरच्या गेमची परीक्षा एका संध्याकाळीच आटोपली. स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानातून घेतलेले बरेचसे गेम ऑफलाइन मोडमध्ये चालले. जीओजी या तशाच दुसऱ्या दुकानातून घेतलेल्या गेमच्या इन्स्टॉलर फाइली मी वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवलेल्या होत्या. त्या एका जुन्या, कधीही नेटला न जोडलेल्या लॅपटॉपवर नेऊन टाकल्या आणि गेम सुरू झाला, ना खाते ना कुलूप. हाही डाउनलोडच, पण माझ्या वहीत तो डिस्कच्याही वरच्या ओळीत बसला. स्टीमच्या बिलाच्या पानावर आता स्पष्ट लिहिलेले असते की आपण गेमचा परवाना विकत घेत आहोत. २०२४ साली मंजूर झालेला आणि १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेला कॅलिफोर्नियाचा कायदा असे सांगणे विक्रेत्यांवर बंधनकारक करतो. हे वाक्य दहा वर्षांपूर्वी वाचले असते तर मी वेगळे वागले असते का, याची मला शंका आहे, कारण डबीवरची बारीक अक्षरेही मी वाचली नव्हतीच.

डाउनलोडच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. न आवडलेला गेम खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून झाला असेल तर स्टीम पैसे परत करते, आणि ही सवलत मी तीन-चारदा वापरली आहे. डिस्कच्या डबीचे वेष्टन एकदा फाडले की ती परत घ्यायला विक्रेता सहसा तयार होत नाही. ती जुन्या बाजारात विकायची किंवा कुणाला तरी देऊन टाकायची. मला देऊन टाकणे अधिक आवडते, आणि डाउनलोड केलेल्या गेमची मला खरी बोचणारी उणीव तीच आहे. संपवलेला गेम खात्यात पडून राहतो, मला तो पुन्हा खेळायचा नसतो, आणि ज्याला खेळायचा आहे त्याला तो देता येत नाही.

अखेर मी ड्राइव्ह असलेले मॉडेल घेतले. सुरुवात, मध्य आणि शेवट असलेले, एकट्याने खेळायचे मोठे गेम मी आता डिस्कवर घेते, तेही डबीची मागची बाजू तळापर्यंत वाचून आणि १.०० आवृत्ती पूर्ण आहे की नाही याची इतर खेळाडूंकडे चौकशी करून. जे सर्व्हरवरच चालतात ते डाउनलोड करते. त्यांच्या डिस्कने कपाट भरण्यात अर्थ नाही. लहान स्टुडिओंचे गेम तर बहुधा डिस्कवर निघतच नाहीत, त्यामुळे तिथे निवडीचा प्रश्न येत नाही. खात्याचा ईमेल पत्ता बदलला, पावत्या एका फोल्डरमध्ये साठवल्या आणि नव्या कन्सोलचे खोके माळ्यावर जुन्याच्या शेजारी ठेवले.

गेल्या महिन्यात भाच्याने पुन्हा एक डिस्क मागितली. देण्याआधी वही काढून तिचा रकाना पाहिला आणि डबीच्या आत एक चिठ्ठी चिकटवली: "कसाबसा. नेट असताना आधी अपडेट घे, नाही तर पुलावर घोडा नेऊ नकोस."