तासाला तास

कॅसेटवरचं घरगुती शूटिंग डीव्हीडीवर घ्यायचं म्हटलं की नवशिक्याची कल्पना अगदी साधी असते. केबल जोडली, बटण दाबलं, आपण आपल्या कामाला मोकळे. मिनीडीव्ही ही घरगुती कॅमेऱ्यात बसणारी छोटी डिजिटल कॅसेट, आणि ती असल्या घाईला भीक घालत नाही. साठ मिनिटांची टेप कॉम्प्युटरवर उतरायला साठ मिनिटंच लागतात. टेप कॅमेऱ्यात आपल्या चालीने फिरते, कॅमेरा कॉम्प्युटरला जोडणाऱ्या फायरवायर केबलमधून चित्र उतरत राहतं, आणि मध्येच कॉम्प्युटरला दुसरं जड काम सांगितलं तर तो चार-दोन फ्रेम, म्हणजे सुटी चित्रं, गाळून बसतो. म्हणून जवळ बसावं लागतं. बसलं की आपसूक पाहिलं जातं. आणि बहुतेक कॅसेटींची गंमत अशी, की शूटिंग झाल्यापासून त्या सलग कुणी बघितलेल्याच नसतात. ज्याने शूट केलं त्यानेसुद्धा.

ही मिनीडीव्ही १९९५ साली आली. तिच्यातलं तासाभराचं शूटिंग कॉम्प्युटरवर सुमारे १३ जीबी जागा खातं. कोऱ्या डिस्कवर छापलेलं असतं ४.७ जीबी, आणि बरेच कॉम्प्युटर तीच डिस्क ४.३७ ची दाखवतात. (इथे कुणी आपल्याला फसवलेलं नसतं. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, हे कॉम्प्युटर १०२४ च्या.) म्हणजे तेराचे चार करायचे, आणि तेही चेहरे ओळखू येतील असे.

हे काम एमपेग-२ ही डीव्हीडीवरची व्हिडिओ आवळायची पद्धत करते. आपल्याकडच्या टीव्हीच्या 'पाल' (PAL) पद्धतीत सेकंदाला २५ चित्रं असतात. त्यातलं एखादं पूर्ण लिहायचं आणि पुढच्या दहा-अकरा चित्रांत फक्त काय बदललं तेवढंच टिपायचं, अशी ही युक्ती. हिशेबाच्या वहीत कारकून 'वरीलप्रमाणे' लिहीत खाली जातो, तशी. भिंत वरीलप्रमाणे, खुर्ची वरीलप्रमाणे, आत्या फक्त हसली. पण त्यासाठी कॅमेरा स्थिर हवा. आमच्याकडे कॅमेरा काकांच्या हातात, आणि काकांना ट्रायपॉड म्हणजे हात नसलेल्यांची सोय वाटायची. त्यांच्या शूटिंगमध्ये आत्याबरोबर भिंतही हलते, खुर्चीही हलते, आणि 'वरीलप्रमाणे' म्हणायची सोयच उरत नाही. त्यातून संध्याकाळची अंधुक खोली असेल तर चित्रावर जो रवा पडतो, तोही दर फ्रेमला नवा. मोठ्या बजेटचा सिनेमा जेवढ्या बिटरेटमध्ये, म्हणजे सेकंदाला जेवढी माहिती लिहून, देखणा दिसतो, तेवढ्यात काकांचं शूटिंग चौकोन-चौकोन होऊन जातं. घरच्या हलत्या हाताला जागा सगळ्यात जास्त लागते, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

म्हणून एका डिस्कवर दोन-तीन कॅसेटी कोंबायचा मोह आवरावा. तासाभराचाच मजकूर ठेवला तर सेकंदाला आठ मेगाबिट देता येतात. डीव्हीडीच्या चित्राची कमाल मर्यादा ९.८ ची, तेव्हा आठ म्हणजे चैन आहे. दोन तास घातले की पाचच्याही खाली यावं लागतं, आणि मग चेहऱ्यांवरचे बारकावे आधी जातात. कोरी डिस्क परवडते. चेहरा दुसरा मिळत नाही.

एवढं झालं की हातात कात्री येते. सॉफ्टवेअर उघडलं की पहिले काही दिवस दृश्यं जोडायला पान उलटायचं, तारे फुटायचे, हृदयाच्या आकारात चित्र मिटायचं. या आजारातून जवळजवळ सगळे जातात आणि बहुतेक बरे होतात. गाण्याचा आजार जास्त चिवट. माणसं बोलतायत, हसतायत, कुणीतरी कुणाला तरी हाक मारतंय, आणि त्या सगळ्यावर एखादी बासरी पसरून द्यायची. मला विचाराल तर गुन्हा आहे हा.

कारण टेपवरचा ऐवज बराचसा आवाजातच असतो. एका कॅसेटवर कॅमेरा बंद करायचा राहिलाय. तो काकांच्या हातात खाली लोंबतोय आणि आपल्याला दिसतात फक्त फरशीचे तुकडे, चपलांचा ढीग, एका पोराची सुटलेली नाडी. पहिल्या फटक्यात उडवायचं ते हेच. पण वरून आवाज येत राहतात. आत्या कुणाला तरी सांगतेय, "तू आधी बस बघू, मग बोलू." बाबा विचारतायत किल्ली कुठेय, आणि किल्ली त्यांच्याच खिशात आहे असं तिघं एकदम सांगतात. मुद्दाम घेतलेल्या शॉटमध्ये हेच लोक रांगेत उभे राहून हात हलवतात, आणि हात हलवून झाल्यावर पुढे काय करायचं ते त्यांना सुचत नाही. मी रांग कापली, फरशी ठेवली.

तारखेचीही एक मौज. मिनीडीव्हीच्या टेपवर चित्राबरोबर तारीख-वेळही आत नोंदली जाते, पण कॅमेऱ्याचं घड्याळ कुणी लावलं असेल तर. नाहीतर अख्ख्या घराचे वाढदिवस आणि सहली एकाच १ जानेवारीला मध्यरात्रीनंतर उरकलेल्या दिसतात. खरं साल मग अंगातल्या कपड्यांवरून आणि कुणाचे किती दात पडलेत यावरून ठरवायचं.

मेनू, चॅप्टर आणि बर्निंग (म्हणजे डिस्कवर लिहिणं) तशी हमालीची कामं. चॅप्टर ९९ पर्यंत पाडता येतात म्हणून काही तेवढे पाडायचे नसतात. बर्न करताना वेग कमी ठेवावा. डिस्क उघडून पाहिली तर ऑडिओ टीएस नावाचं फोल्डर रिकामं दिसतं, त्याने घाबरून जायचं कारण नाही, आवाज व्हिडिओ टीएसमध्येच चित्राबरोबर असतो. आणि डीव्हीडी झाली म्हणून मूळ कॅसेट टाकून देऊ नये. तेराचे चार करताना जे गळलं, ते अजून तिच्यातच आहे.

पहिली डिस्क सगळ्यांनी मिळून पाहिली. किल्लीच्या जागी बाबा सोडून सगळे हसले. काका मात्र शेवटपर्यंत काहीतरी शोधत असल्यासारखे पुढे वाकून बसले होते. डिस्क संपल्यावर म्हणाले, "एवढी वर्षं शूटिंग केलं, आणि मी यात कुठेच नाही!"

माईक कॅमेऱ्यातच असतो, त्यामुळे कॅमेरा धरणाऱ्याचा आवाज सगळ्यांत मोठा येतो. पण हे समजावून सांगायची वेळ माझ्यावर आली नाही.

"अहो, दुसरं कोण आहे त्यात?" काकू म्हणाल्या. "मघापासून तासभर तुम्हीच तर ओरडताय, 'इकडे बघा, इकडे बघा' करून!"