ग्रहण, सुरी आणि सातव्या प्रकारचे कोलॅजन
माझ्या सव्वा वर्षाच्या पुतण्याला आम्ही काखेत हात घालून उचलत नाही. एक तळवा कुल्ल्यांखाली आणि दुसरा मानेखाली सरकवून, दुपट्यासकट अलगद उचलतो. शिवण घासू नये म्हणून त्याची झबली उलटी घालतो. इंदूरला रामबागेतल्या आमच्या घरी तो आला तेव्हा त्याच्या पायांवर आणि बोटांवर फोड होते, आणि माझ्या जावेने ग्रहणात सुरी हातात धरली असणार, असे नात्यातल्या वडीलधाऱ्यांनी ठरवूनही टाकले. ती महिनाभर कोणाशी धड बोलली नाही.

तपासणीत निदान झाले ते डिस्ट्रॉफिक एपिडर्मोलायसिस बुलोसा या आजाराचे, तेही अप्रभावी, म्हणजे आई-वडील दोघांकडूनही जनुकाची सदोष प्रत आली तरच होणाऱ्या प्रकाराचे. गोधडीचे पदर जसे टाक्यांनी एकत्र राहतात, तशी आपली वरची त्वचा खालच्या थराला सातव्या प्रकारच्या कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंनी जखडलेली असते. ते कोलॅजन बनवण्याची कृती तिसऱ्या गुणसूत्रावरील सीओएल७ए१ या जनुकात असते. ही कृती बिघडली की टाके पडत नाहीत आणि जरासे घासले तरी थर सुटून मध्ये पाणी भरते. (त्वचेच्या पेशींना बळकटी देणाऱ्या केरॅटिन ५ किंवा १४ या प्रथिनांच्या जनुकांतील दोषामुळेही फोड येतात, पण तिथे वरच्या थरातील पेशीच फाटतात आणि बहुधा एकाच पालकाकडून आलेली सदोष प्रत पुरेशी ठरते.)

आमच्या बाळाला मात्र आई आणि वडील, दोघांकडूनही सदोष प्रत मिळाली. एक प्रत चांगली असल्याने त्या दोघांना काहीच त्रास नाही. माझी जाऊ ही दिरांच्या सख्ख्या मामांची मुलगी. दोघांच्या सामाईक आजी-आजोबांपैकी एकाकडची प्रत सासूबाईंकडे आणि त्यांच्या भावाकडे उतरली असावी, असे जनुकीय समुपदेशकांनी कागदावर वंशवृक्ष काढून समजावले. सासूबाई तो कागद बराच वेळ हातात धरून बसल्या, मग उठून जावेच्या खोलीत गेल्या.

पुढच्या प्रत्येक गरोदरपणात हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. दोन्ही दोष नेमके माहीत असल्याने अकराव्या आठवड्याच्या सुमारास वारेच्या पेशी तपासता येतात. अमेरिकेत २०२३ मध्ये याच जनुकाची चांगली प्रत जखमेवर पोहोचवणाऱ्या जेलला मान्यता मिळाली, पण आमच्या रोजच्या दिवसात अजून व्हॅसलीनची जाळी आणि फोडातले पाणी काढायला निर्जंतुक सुईच आहे. सदोष प्रत माझ्या यजमानांकडेही असण्याची शक्यता निम्मी आहे. आमच्या मुलीला उद्या नात्यातले स्थळ सांगून आले तर आधी हे ठाऊक हवे, म्हणून त्यांनी मागच्या आठवड्यात रक्ताचा नमुना दिला.