मीठ आणि पाऊस

शनिवार, रात्री साडेअकरा

आज संध्याकाळी मी रचत असलेल्या किनाऱ्यावरच्या भाषेत मीठ आणि पाऊस यांचा एकच शब्द झाला.

मूळ भाषेत पाऊस म्हणजे 'सोकेना' आणि मीठ म्हणजे 'सोपेना'. या मूळ भाषेच्या दोन लेकी. डोंगरातली लेक जुने उच्चार धरून आहे, तिकडे अजून 'सोक्कें' आणि 'सोप्पें' म्हणतात. किनाऱ्यावरच्या लेकीला मी गेल्या महिन्यात एक नियम लावला होता: दोन स्वरांच्या मध्ये सापडलेले क, ग, प, ब गळून जाणार. आज वही घेऊन एकेक शब्द त्या नियमातून काढत गेले आणि दोन्ही शब्द 'सोएना'वरून घसरत 'स्वेन'वर येऊन थांबले. पावसालाही स्वेन, मिठालाही स्वेन. तेही ज्यांचं पोट मिठागरांवर चालतं त्या लोकांच्या तोंडी!

मिठाला नियमातून सूट द्यावी असं मनात आलं. खोडरबर हातात घेतलाही होता. पण ध्वनिनियमाला लाडका शब्द आणि नावडता शब्द कळत नाही. 'दीप'मधला प असाच झिजून 'दिवा' झाला, 'नगर'मधला ग पार नाहीसा होऊन अंमळनेरमधला 'नेर' उरला, तेव्हा कुणी कुणाला विचारलं नव्हतं. मी एका शब्दाला वाचवलं तर ती भाषा राहणार नाही, नुसती शब्दांची यादी होईल.

खोडरबर ठेवून दिला. स्वेन, स्वेन. झोपते आता.


रविवार, दुपार

ताईचा फोन येऊन गेला. वहीबद्दल तिला बोलले नाही, कधीच बोलत नाही.

लहानपणी आमची 'च'ची भाषा होती. शब्दाचं पहिलं अक्षर काढून शेवटी टाकायचं आणि त्याच्या जागी च बसवायचा. घरी म्हणजे 'चरीघ', कुठे म्हणजे 'चुठेक'. ताई इतकी भरभर बोलायची की मला अर्थ लागेपर्यंत तिचं पुढचं वाक्य संपलेलं असायचं. आठवीत गेल्यावर तिने 'च'मध्ये उत्तर देणं सोडलं. मी विचारायचे 'च'मध्ये, ती बोलायची साध्या मराठीत. भांडण वगैरे काही नव्हतं, ती मोठी झाली होती एवढंच. माझी पहिली वही त्याच वर्षातली आहे.

म्हणून 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे लेखक टॉल्किन यांच्या लहानपणाबद्दल वाचलं तेव्हा पान उलटवेना. मेरी आणि मार्जरी या त्यांच्या मावसबहिणींनी प्राणीपक्ष्यांच्या नावांची एक खेळभाषा केली होती, ती त्यांनी शिकून घेतली. मार्जरीचा त्यातला रस संपला. मग मेरी आणि त्यांनी मिळून 'नेव्हबॉश' केली. त्यानंतरची 'नॅफरिन' त्यांची एकट्याची. आधी तिघं, मग दोघं, मग एक.

पुढे ऑक्सफर्डला शिकत असताना कॉलेजच्या ग्रंथालयात त्यांना फिनिश भाषेचं व्याकरण सापडलं आणि त्या नादातून 'क्वेन्या' सुरू झाली. तिचा शब्दकोश ते 1915 च्या सुमारास लिहीत होते, कथा त्यानंतर कितीतरी वर्षांनी छापल्या गेल्या. मग वेल्शच्या वळणाची दुसरी, तिला शेवटी 'सिंदारिन' हे नाव मिळालं. दोघींची मूळ भाषा एकच, तीही त्यांनीच रचलेली. क्वेन्यात बाप म्हणजे 'अतर', सिंदारिनमध्ये 'अदर'. दोन स्वरांमधला त मऊ झाला. हंसाला एकीत 'अल्क्वा', दुसरीत 'अल्फ'. कानाला परके वाटणारे हे दोन शब्द सख्खे आहेत हे कळतं तेव्हा मधली हजारो वर्षं खरीच होऊन गेली असं वाटतं. भाषा घडवायची तर तिच्यासोबत पुराणकथाही जन्मते, असं ते 1931 च्या एका व्याख्यानात म्हणाले होते.

मी हे माझ्यापुरतं असं समजते: भाषेला बोलणारं कुणी नसेल तर तिला निदान पूर्वज तरी हवेत. कुणीतरी ती वापरून झिजवलेली असली पाहिजे.

झामेनहोफ यांनी साऱ्या जगासाठी रचलेल्या एस्पेरांतो भाषेचं अगदी उलटं. 1887 साली वॉर्सात निघालेल्या त्या पातळ पुस्तिकेत 16 नियम होते आणि सुमारे 900 मूळ शब्द. पूर्वज नाहीत, गळालेलं काही नाही, अपवाद नाहीत. आणि तिला माणसं मिळाली. 1905 मध्ये फ्रान्समधल्या बूलोन्य-सूर-मेर या गावी देशोदेशीचे लोक जमून ती बोलले. पुढे काही घरांतून मुलं ती आईबापांकडून ऐकत वाढली. ज्या भाषेला घरात मुलं आहेत तिला खोटा भूतकाळ कशाला लागेल? मला तिचा हेवा वाटतो.


सोमवार, रात्री

सापडलं. आपल्याच घरात होतं.

मराठीची पूर्वज असलेल्या महाराष्ट्री प्राकृतात व्यंजनं अशीच गळाली, माझ्या किनाऱ्यापेक्षाही जास्त. तिथे 'कवि'चं झालं 'कइ' आणि 'कपि'चंही झालं 'कइ'. कवी आणि माकड एका शब्दात. वाकाटक राजा प्रवरसेनाच्या 'सेतुबंध' काव्यात रामाचं वानरसैन्य 'कइ'च आहे. मग मराठीने काय केलं? माकडाला 'मर्कट'वरून आलेला 'मक्कड' धरला, त्याचं माकड झालं. आणि कवीसाठी मागे वळून संस्कृतातून 'कवी' जसाच्या तसा उचलून आणला. एकाच जोडीत दोन उपाय! फ्रान्सच्या गॅस्कनी भागात कोंबडा आणि मांजर दोघंही 'गात' होऊन बसले, तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनी कोंबड्याला कुठे तित्तिराच्या जातीच्या एका पक्ष्याचं नाव दिलं, तर कुठे चक्क चर्चमधल्या धर्मगुरूचं. झिलिएराँ नावाच्या भाषाशास्त्रज्ञाने बोलींचे नकाशे काढताना हे उलगडलं.

मी मराठीचा रस्ता घेतला. किनाऱ्यावर पावसाला 'स्वेन' राहील. मिठासाठी लोक मूळ भाषेकडे परत जातील. पण ती जुनी भाषा त्यांच्या कानावर येणार कुठून? म्हणून आज त्यांना एक रीत मिळाली. दरवर्षी मिठागरातलं पहिलं मीठ समुद्राला वाहतात आणि त्या वेळी जुन्या भाषेतले मंत्र म्हणतात. अर्थ फारसा कुणाला लागत नाही, पण 'सोपेना' हा शब्द सगळ्यांना पाठ आहे. तोच स्वयंपाकघरात आला आणि शेवटचा स्वर झडून 'सोपेन' झाला. त्यातला प मात्र टिकला, कारण तो आला तेव्हा नियमाचा काळ सरला होता. आता तिथल्या एखाद्या बाईने शेजारणीकडे वाटीभर सोपेन मागितलं तर ती देवाचा शब्द वापरते आहे, आणि तिला ते ठाऊकही नाही. हे लिहिताना माझ्या अंगावर काटा आला.

कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. ताईला मेसेज केला: 'मी एक भाषा करते आहे. बरीच वर्षं. त्यात मीठ म्हणजे सोपेन.'

बराच वेळ निळी खूण आली नाही. मग आली. मग ती काहीतरी लिहायला लागली, थांबली, परत लिहायला लागली.

'चीठम चाक?'

मी लिहिलं, 'चोह.'