१० मेची पेटी ५ ऑक्टोबरला

मी पुण्यात हापूसच्या पेट्या विकणाऱ्या एका छोट्या ऑनलाइन दुकानात कस्टमर सपोर्ट बघते. आमचं सगळं व्हॉट्सॲपवर चालतं, आणि ज्या सॉफ्टवेअरमधे ते चॅट येतात त्यातच ऑर्डरचं वेगळं रेकॉर्ड ठेवायची सोय आहे, म्हणजे ऑर्डर नंबर, किती डझन, पैसे आले का, डिलिव्हरीची तारीख, आणि ते रेकॉर्ड त्या ग्राहकाच्या चॅटला जोडलेलं.

२०२४ची अक्षय तृतीया शुक्रवारी, १० मेला होती. आदल्या दुपारी अकाउंट्सकडून आलेली २१२ ऑर्डरींची शीट मी अपलोड केली. ३१ ओळी एररमधे गेल्या, मला वाटलं रिकाम्या असतील, नंतर बघू.

पाच मिनिटांत एका काकांचा मेसेज. "तुमचा मेसेज आलाय पेटी ५ ऑक्टोबरला येणार म्हणून, आमच्याकडे उद्या नैवेद्य दाखवल्याशिवाय कोणी आंबा खात नाही हो." मग दुसरा, मग फोनच सुरू झाले.

झालं असं की शीटमधे तारीख दिवस/महिना अशी होती आणि इम्पोर्टची सेटिंग अमेरिकन, आधी महिना. १०/०५ची झाली ५ ऑक्टोबर, ११/०५ची ५ नोव्हेंबर. आणि १३ तारखेपासून पुढच्या ऑर्डरी नापास, कारण तेरावा महिना नसतो! त्या ३१ ओळी म्हणजे याच, तेव्हाच उघडून बघितल्या असत्या तर कळलं असतं. वर गोडाऊनला जाणारी "उद्याच्या डिलिव्हरी" यादी जवळपास रिकामी.

टीममधला एकजण म्हणाला सगळं डिलीट करून परत टाकू. मी नाही म्हटलं, कारण कोणी पत्ता बदललाय, कोणाचं पेमेंट हातानं टिक केलंय ते सगळं त्या रेकॉर्डवरच होतं, ते गेलं असतं. ऑर्डर नंबर हा ओळख नंबर म्हणून सेट होता त्यामुळे तोच नंबर परत आला की नवीन रेकॉर्ड न बनता जुनंच अपडेट होतं, म्हणून फक्त ऑर्डर नंबर आणि तारीख अशा दोनच कॉलमची शीट बनवली, तारीख २०२४-०५-१० अशी, आधी तीन ओळी टाकून बघितल्या मग सगळ्या.

माफी मागायची ते वेगळंच. ग्राहकाचा शेवटचा मेसेज येऊन २४ तास उलटले की व्हॉट्सॲपवर आपल्या मनानं काही लिहिता येत नाही, आधी मंजूर करून घेतलेलं टेम्प्लेटच जातं, आणि आमच्या टेम्प्लेटमधे फक्त तारखेची जागा होती. बरोबर तारीख गेली पण चूक झाली हे सांगताच येईना, म्हणून आम्ही तिघी रात्री साडेदहापर्यंत एकेकाला फोन करत बसलो. १० तारखेच्या सगळ्या पेट्या वेळेत पोचल्या.

मग ४ ऑक्टोबर, नवरात्राची दुसरी माळ. संध्याकाळी एका काकूंचा मेसेज, "उद्या पेटी येणार असं आलंय, आत्ता कुठले आंबे?" रेकॉर्ड शोधलं तर त्यांच्या एकाच ऑर्डरची दोन रेकॉर्डं. मे महिन्यात कोणीतरी चॅटमधूनच ऑर्डर नंबर दुरुस्त करताना मधे एक स्पेस टाकली होती, त्यामुळे माझी शीट त्याला लागलीच नाही, तिनं शेजारी नवीन बनवलं, आणि जुनं ५ ऑक्टोबर धरून पाच महिने तसंच बसून राहिलं. काकूंना आधी फोन केला, मग ते रेकॉर्ड काढलं, आणि मग त्याच रात्री २१२च्या २१२ ऑर्डर नंबर एकेक करून तपासले.