टिब्ब्यामागची अँटेना

मराठा पलटणीच्या सिग्नल प्लाटूनमध्ये हवालदार होतो, तेव्हाची गोष्ट. राजस्थानात सराव होता. आमच्या नेटला, म्हणजे एकमेकांशी बोलणाऱ्या रेडिओ सेटच्या जाळ्याला, हॉपिंगसाठी मिळाल्या 24 फ्रिक्वेन्सी. हॉपिंग म्हणजे सेटने सतत एका फ्रिक्वेन्सीवरून दुसरीवर उड्या मारणं. 30 ते 88 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात 25 किलोहर्ट्झच्या अंतराने 2320 चॅनेल बसतात, पण वाटण्या होत होत आमच्या पानात एवढंच पडलं. सेट कितीही उड्या मारो, अंगण टीचभर.

साडेदहाला उत्तरेकडच्या कंपनीचा आवाज चाळणीतून गळाल्यासारखा यायला लागला. "…ण्याचा… रुत… दुस…" माझा नवा ऑपरेटर बटण दाबून 'जॅमिंग आहे' म्हणणार, तोच मी त्याचं मनगट धरलं. जॅमिंग म्हणजे समोरच्याने मुद्दाम खरखर सोडून आपलं ऐकणं बुजवणं. नेटवर ते बोलणं म्हणजे जॅमरवाल्याला पोचपावती.

राखीव सेट एकेका फ्रिक्वेन्सीवर लावून पाहिला. आठ ठिकाणी खरखर. अँटेना काढली की गप्प, लावली की पुन्हा चालू. म्हणजे सेट शाबूत, त्रास बाहेरून. लाल फौजेने, म्हणजे सरावातल्या शत्रूने, कान देऊन आमच्या आठ जागा हेरल्या होत्या. दर तिसरी उडी खड्ड्यात. 2320 चॅनेल असते, तर त्या आठांनी आमचं काही बिघडलं नसतं, आणि सगळीकडे मारा करायचा तर जॅमरची ताकद विरून गेली असती.

साहेब म्हणाले, "फुल पॉवर टाक."

"साहेब, आपला आवाज त्यांना जातोय का ते आधी बघू."

कंपनीला विचारलं, स्पष्ट ऐकू येत असेल तर बटण दोनदा दाबा. टक, टक. जाणारी बाजू ठीक होती. आमचेच कान बुजले होते. जॅमर बोलणाऱ्याला नाही, ऐकणाऱ्याला धरतो. पॉवर वाढवून फक्त आमचा पत्ता लागला असता.

आणि आमची अँटेना कुठे? टिब्ब्याच्या अगदी माथ्यावर, मीच हौसेने उभी केलेली. उंची म्हणजे पल्ला, हे रंगरूट असताना बेळगावला घोटून घेतलेलं. पश्चिमेकडच्या जॅमरला ती थेट दिसत होती. तिघांनी मास्ट, म्हणजे अँटेनाचा खांब, उतरवला आणि पूर्वेच्या उतारावर, वाळूत गुडघाभर रुतत, परत उभा केला. कनेक्टरच्या आट्यांत रेती गेली होती. ती मी बनियनच्या टोकाने पुसली.

कंपनीला सांगितलं, "वर्ड्स ट्वाइस." प्रत्येक शब्द दोनदा. अक्षरं अजून गळत होती, पण वाक्य लागलं: पाण्याचा ट्रेलर रुतलाय, दुसरा पाठवा.

एवढ्या खटाटोपातून पाण्याचा ट्रेलर! साहेब हसले, पण ट्रेलर लगेच पाठवला.

संध्याकाळी लंगरला लाल फौजेचा जॅमरवाला भेटला. म्हणाला, "सकाळी तुमचा सेट खराब झाला होता का? कुणी तक्रारच करेना. आमचं मशीन चालतंय की नाही, तेच कळेना."

मी त्याच्या मगात चहा ओतला.