सर विल्यम गॅस्कॉइनच्या मागावर: यॉर्क ते हेअरवूड

या वाटेने जाणाऱ्यांनी लीड्सजवळच्या हेअरवूड गावातली गॅस्कॉइनची कबर शेवटी बघावी आणि सुरुवात यॉर्कपासून करावी. मी नेमकं उलट केलं. कबरीसमोर उभा राहिलो तरी तिचं मोल कळलं नाही, म्हणून पुन्हा गेलो.

गॅस्कॉइन 1400 साली इंग्लंडच्या किंग्ज बेंच या वरिष्ठ न्यायालयाचा मुख्य न्यायाधीश झाला. 1405 मध्ये यॉर्कचा आर्चबिशप रिचर्ड स्क्रोप राजा चौथ्या हेन्रीविरुद्ध उठला आणि पकडला गेला. आर्चबिशपला देहदंड द्यायला गॅस्कॉइनने साफ नकार दिला, असं जुन्या बखरीत आहे. राजाने शिक्षा दुसऱ्याच्या तोंडून वदवून घेतली आणि 8 जूनला शहराच्या तटाबाहेर स्क्रोपचं शिर उडवलं. स्क्रोपची कबर यॉर्क मिन्स्टर या कॅथेड्रलच्या पूर्व टोकाला आहे. तिथे घाई करू नका.

यॉर्कहून लीड्सला रेल्वेने अर्धा तास पुरतो. पुढे हॅरोगेटकडे जाणारी 36 नंबरची बस थेट हेअरवूड गावात सोडते. ऑल सेंट्स चर्च मात्र गावात नाही, हेअरवूड हाउस या जुन्या हवेलीच्या आवारात झाडीत आहे. अठराव्या शतकात गावच उचलून फाटकाबाहेर नेलं, चर्च मागे राहिलं. म्हणून आवाराचं तिकीट लागतं. हाउस आणि चर्च कधी उघडं असतं ते निघण्याआधी बघून घ्या.

आत अलाबास्टर दगडाच्या सहा कबरी आहेत. गॅस्कॉइन पहिली पत्नी एलिझाबेथ मोब्रे हिच्या शेजारी पहुडलाय. इतर सरदार चिलखतात, हा मात्र न्यायाधीशाच्या झग्यात! डोक्याला घट्ट बसलेली वकिली टोपी, कॉइफ. नाइट असूनही मरणानंतर त्याची ओळख झगा आणि टोपी हीच ठेवली, हे मला फार भावलं. दगड मऊ आहे, हात लावू नका. छोटी बॅटरी जवळ असू द्या, तिरका उजेड पाडला की झग्याच्या चुण्या उठून दिसतात.

गॅस्कॉइनने चौथ्या हेन्रीच्या मुलाला, युवराजाला, भर कोर्टातून तुरुंगात धाडलं, ही गोष्ट तिथे कुणीही सांगेल. पण ती पहिल्यांदा छापली गेली 1531 साली, तीही त्याचं नाव न घेता. याच युवराजाने, म्हणजे पाचव्या हेन्रीने, गादीवर येताच, मार्च 1413 मध्ये, त्याच्या जागी दुसरा माणूस नेमला, हे मात्र पक्कं.

परतताना हाउस आणि तळ्याच्या मधल्या उतारावर थांबा. गॅस्कॉइन घराण्याचा गॉथॉर्पचा वाडा इथेच होता. 1770 च्या दशकात तो पाडला, आता वर नुसतं गवत आहे.