टोपलीत गेलेला पसारा

स्वीडन-डेन्मार्कमधल्या घरांचे फोटो बघताना हल्ली माझी नजर सोफ्यावर किंवा दिव्यांवर ठरत नाही, ती टोपल्या शोधते. पांढऱ्या भिंती, फिकट लाकडाची जमीन, उघडी शेल्फं, सगळं कसं लख्ख. मग या माणसांचे चार्जर, एकेकटे मोजे, अर्धवट विणलेले स्वेटर, पोरांचे लेगो गेले कुठे? (लेगो डेन्मार्कचंच, म्हणजे तुकडे असणारच.) ते सगळं टोपल्यांत. ज्या साधेपणावर जग भाळलंय, त्याचं निम्मं श्रेय मी तरी टोपल्यांना देते.

मला सगळ्यांत आवडते ती दारातली टोपली. डिसेंबरात स्टॉकहोमला तीन वाजायच्या आत सूर्य मावळतो. अंधारात, थंडीत कुडकुडत घरी आल्यावर टोपी, मफलर, हातमोजे कपाटात कोण लावत बसणार? बिनझाकणाच्या टोपलीत वरून टाकलं की काम झालं.

ही काही डिझायनर मंडळींची टूम नव्हे. स्वीडन-फिनलंडच्या खेड्यांत पाइनच्या लाकडाच्या पातळ पट्ट्या काढून टोपल्या विणत. बटाटे नि जळण त्यांतूनच घरात यायचं. फिनलंडात तसल्याच पट्ट्या दिव्याऐवजी पेटवतही. (फिनलंड काटेकोरपणे स्कँडिनेव्हियात मोडत नाही, पण टोपलीला त्याचं काय!) बर्चची साल उन्हाळ्याच्या सुरुवातीला, झाडात रस चढलेला असताना अलगद सुटते. तिच्या टोपल्या, पाठीवरच्या पिशव्या, मिठाची भांडीसुद्धा होत. आपलं भूर्जपत्र याच बर्चच्या हिमालयातल्या भावंडाचं. आपण त्यावर पोथ्या लिहिल्या, त्यांनी त्यात मीठ भरलं.

आज दुकानात ‘स्कँडी’ म्हणून मिळणारी गुबगुबीत, मातकट टोपली मात्र बर्चची क्वचितच असते. तिची वेणी जवळून बघा: चपटे, सुरकुतलेले देठ, दाबले तर आतून भुसभुशीत. बहुतेक वेळा ती जलपर्णी निघते! इंद्रायणीवर पसरते, रंकाळ्यात माजते, जिच्या नावाने आपण बोटं मोडतो, तीच. मूळची दक्षिण अमेरिकेतली. व्हिएतनाममध्ये मेकाँगच्या मुखाकडे तिचे देठ उन्हात वाळवून, वेण्या घालून टोपल्या विणतात आणि त्या युरोपातल्या दिवाणखान्यांत जाऊन बसतात. २०१८ मध्ये हैदराबादला आणि २०२० मध्ये नवी मुंबईला आयकिया हे स्वीडिश फर्निचरचं दुकान आल्यापासून आपणही रांगेत उभे राहून असल्या टोपल्या घेतो.

पुण्याच्या बुरूड आळीतली बांबूची दुरडी मी सोफ्याशेजारी ठेवलीय. दिसते झकास. फक्त बांबूची कूस लोकरीत अडकते, म्हणून आत जुनं सुती कापड अंथरलंय. त्या महागड्या टोपल्यांनाही आतून अस्तर असतं, ते उगाच नाही. जलपर्णीच्या टोपलीला आपल्या पावसाळ्यात बुरशी चढते, बांबूला भुंगा लागतो, नि तो किती लागेल ते बांबू कोणत्या दिवसांत तोडलाय यावरही असतं. तेव्हा घासाघीस करण्याआधी बांबू कधी तोडलाय, तेवढं बुरडाला विचारून घ्यावं.